बुजलेला बोगदा, अपुरे नाव : चर्च हिल दुर्घटनेच्या लोकस्मृतीची चिकित्सा

आपत्ती आणि लोकस्मृती यांचा संबंध लोकसाहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. दुष्काळ, महापूर, साथीचे रोग, लढाया यांच्या आठवणी गीतांतून, आख्यायिकांतून आणि म्हणींतून कशा टिकून राहतात, याविषयी मराठीत बरेच लेखन झाले आहे. त्या मानाने औद्योगिक दुर्घटनांच्या लोकस्मृतीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. खाण, गिरणी, धरण, पूल, बोगदा या स्थळी जे मृत्यू होतात, ते निसर्गाच्या कोपाने झालेले नसतात. त्यांच्यामागे कोणाचा तरी निर्णय असतो, कोणाची तरी घाई असते. त्यामुळे अशा मृत्यूंच्या कथा कोण सांगतो, त्यांतून कोण उरतो आणि कोण गळून पडतो, हा प्रश्न वाङ्मयीन चिकित्सेचा होतो, तसाच तो न्यायाचाही होतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड येथील चर्च हिल बोगद्याच्या दुर्घटनेचा आणि तिच्याभोवती जमलेल्या कथनांचा या दृष्टीने विचार केला आहे.

१. स्थळ, माती आणि निर्णय

चर्च हिल ही रिचमंडच्या पूर्व भागातील टेकडी. सेंट जॉन्स चर्चवरून तिला हे नाव मिळाले. १७७५ मध्ये पॅट्रिक हेन्री याने ज्या भाषणात स्वातंत्र्य आणि मृत्यू यांतून निवड मांडली, ते भाषण याच चर्चमध्ये झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्मृतीत टेकडीला स्थान आहे ते त्या भाषणामुळे. टेकडीच्या पूर्व टोकाला यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, दक्षिणेकडील फुटीर राज्यांचे चिंबोराझो हे प्रचंड लष्करी रुग्णालय होते. थोडक्यात, टेकडीच्या माथ्यावर इतिहासाच्या खुणांची वाण नाही. बोगदा मात्र या खुणांच्या खाली आहे. माथा आणि पोट यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

यादवी युद्धानंतर चेसापीक अँड ओहायो या रेल्वे कंपनीने रिचमंडला पश्चिमेकडील ओहायो नदीशी जोडण्याचे काम हाती घेतले. १८७३ मध्ये ते पूर्ण झाले. पश्चिमेहून येणारा माल जेम्स नदीच्या काठावरील धक्क्यांपर्यंत न्यायचा, तर मध्ये चर्च हिलची टेकडी येत होती. म्हणून १८७२-७३ मध्ये सुमारे ४,००० फूट लांबीचा बोगदा टेकडीच्या पोटातून काढण्यात आला. पश्चिमेच्या डोंगरांतील बोगद्यांत कामगारांची गाठ कठीण खडकाशी होती. येथे गाठ पडली ती निळसर, चुनखडीमिश्रित चिकणमातीशी. ही माती पाणी लागले की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातून काढलेल्या पोकळीवरचा भार त्यामुळे कधीच स्थिर राहत नाही. बांधकामाच्या काळातच माती अनेकदा ढासळली, कामगार दगावले, माथ्यावरच्या जमिनीलाही तडे गेले. अर्थात या मातीचा स्वभाव १९२५ मध्ये नव्याने कळला असे नाही. तो पन्नास वर्षे आधी माहीत झालेला होता.

१९०१ मध्ये नदीकाठाने उन्नत लोहमार्ग तयार झाला आणि बोगद्याची गरज संपली. पुढे वीस-बावीस वर्षे तो जवळजवळ वापराविना राहिला. पाणी झिरपत राहिले, विटांच्या अस्तरामागची माती फुगत आणि आकसत राहिली. वाहतूक वाढल्यावर कंपनीने हा जुना मार्ग पुन्हा वापरात आणण्याचे ठरवले आणि १९२५ मध्ये डागडुजीचे काम सुरू झाले.

२ ऑक्टोबर १९२५ रोजी दुपारी २३१ क्रमांकाचे इंजिन आणि त्याला जोडलेल्या दहा उघड्या वाघिणी बोगद्यात होत्या. पश्चिम तोंडाच्या बाजूला छतातून विटा निखळू लागल्या, दिवे गेले आणि काही क्षणांत छत गाडीवर कोसळले. आत असलेल्या कामगारांपैकी बहुतेक जण वाघिणींच्या खालून सरपटत, अंधारात चाचपडत पूर्वेकडच्या तोंडाने बाहेर पडले. इंजिनचालक थॉमस मेसन आपल्या जागीच चिरडला गेला. फायरमन बेंजामिन मॉस्बी बाहेर आला, परंतु फुटलेल्या बॉयलरच्या वाफेने त्याचे अंग भाजून निघाले होते. तो रुग्णालयात मरण पावला. रिचर्ड लुईस आणि एच. स्मिथ हे दोन कृष्णवर्णीय मजूर सापडलेच नाहीत.

त्यानंतरचा आठवडा बचावकार्यात गेला. वरून खड्डे घेतले की माती आणखी घसरे, बाजूने शिरले की नवा भाग ढासळे. आठवडाभराच्या खोदकामानंतर मेसनचा मृतदेह मिळाला. पुढे बोगदा भरून बंद करण्यात आला. पश्चिमेच्या तोंडावर काँक्रीटची भिंत आहे आणि तिच्यावर १९२६ हे वर्ष कोरलेले आहे. गाडी आणि ती दोन माणसे भिंतीमागे राहिली.

२. स्मृतीला चौकट लागते

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरीस हाल्बवाक्स याचा स्मृतीच्या सामाजिक चौकटींविषयीचा ग्रंथ १९२५ मध्येच प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. व्यक्तीची आठवण ही समूहाच्या आधाराने टिकते. ज्या आठवणीला सांगणारा आणि ऐकणारा समूह उरत नाही ती विरून जाते, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. हा विचार चर्च हिलला लावून पाहिला, तर प्रथमदर्शनी गोंधळात टाकणारे चित्र उभे राहते. शंभर वर्षे झाली तरी ही दुर्घटना रिचमंडमध्ये विस्मरणात गेलेली नाही. तिच्यावर पुस्तके आहेत. वॉल्टर ग्रिग्ज यांचा २०११ चा ग्रंथ त्यांपैकी एक. तिच्यावर गीते रचली गेली, भुताखेतांच्या गोष्टी जमल्या, पर्यटकांना त्या सांगितल्या जातात. मग विस्मृतीची तक्रार कशासाठी करायची?

तक्रारीला जागा आहे, कारण ‘दुर्घटनेची स्मृती’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. चर्च हिलची एक स्मृती नाही. निदान चार स्वतंत्र कथनप्रकार येथे दिसतात : वीर चालकाचे कथन, रक्तपिपासूची कथा, मृतांच्या आकड्याविषयीची अफवा आणि गाडलेल्या इंजिनाच्या शोधाचे कथन. प्रत्येकामागचा समूह वेगळा, गरज वेगळी आणि वगळण्याची रीतही वेगळी आहे.

३. चालकाचे कथन

अमेरिकन लोकगीतांत रेल्वे-अपघाताच्या कथागीतांची एक भक्कम परंपरा आहे. चेसापीक अँड ओहायोच्याच मार्गावर १८९० मध्ये दरड कोसळून मेलेला तरुण चालक जॉर्ज ॲली हा अशा एका गाजलेल्या कथागीताचा नायक. व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे १९०३ मध्ये ‘ओल्ड ९७’ ही टपालगाडी पुलावरून कोसळली, तिचे गीतही असेच पसरले. व्हर्नन डालहार्ट या गायकाने १९२४ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे ते देशभर पोहोचले. म्हणजे चर्च हिलची बातमी ज्या श्रोत्यांच्या कानी पडली, त्यांच्या मनात अपघात-कथागीताचा साचा आदल्याच वर्षी नव्याने घट्ट झालेला होता.

या साच्याची घटकरचना ठरलेली आहे. एक चालक असतो. तो वेगाशी किंवा निसर्गाशी झुंजतो. हात यंत्रावर ठेवून मरतो. घरी कोणीतरी वाट पाहत असते. मेसनविषयीच्या कथनांना हा साचा आयता मिळाला. इंजिनात आपल्या जागी सापडलेला चालक ही प्रतिमा त्यात चपखल बसते. येथे मेसनच्या दुःखाला किंवा त्याच्या कुटुंबाच्या शोकाला उणे लेखण्याचे कारण नाही. प्रश्न साच्याचा आहे. या साच्यात चालकासाठी जागा आहे, फायरमनसाठी थोडी आहे, आणि फावडे घेऊन वाघिणीत माती भरणाऱ्या रोजंदाराला मुळीच नाही. कथागीताला कर्ता लागतो. मजूर हा कथागीताच्या दृष्टीने कर्ता नसतो. तो संख्येत मोडतो.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो याच कंपनीच्या इतिहासातला आहे. जॉन हेन्री हा घणाने पहार ठोकून खडक फोडणारा कृष्णवर्णीय कामगार. यंत्राशी पैज लावून तो जिंकला आणि त्याच श्रमाने मेला, असे त्याचे कथागीत सांगते. पश्चिम व्हर्जिनियातील टॅल्कॉटजवळचा बिग बेंड बोगदा हे त्याचे परंपरेने मानलेले स्थळ. तो बोगदाही चेसापीक अँड ओहायोचा आणि १८७० नंतरच्या त्याच दोन-तीन वर्षांतला. गाय जॉन्सन यांनी १९२९ मध्ये आणि लुई चॅपेल यांनी १९३३ मध्ये या आख्यायिकेचा ग्रंथरूपाने शोध घेतला. स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने २००६ मध्ये वेगळी मांडणी केली. त्याच्या मते जॉन हेन्री हा रिचमंडच्या तुरुंगातील तरुण कैदी होता, त्याला कंपनीकडे भाड्याने दिले होते, आणि त्याने काम केले ते लुईस बोगद्यावर. तेथील असंख्य कैदी खडकाची धूळ फुप्फुसांत जाऊन मेले. ही ओळख सर्वांना मान्य नाही. जॉन गार्स्ट यांच्यासारखे अभ्यासक ही घटना अलाबामात झाल्याचे मानतात. वाद मिटलेला नसला, तरी आपल्या विषयाला त्यातून एक गोष्ट मिळते. १८७० च्या दशकात मजूर हा कथागीताचा नायक होऊ शकला, कारण ते गीत मजुरांनीच, घणाच्या ठेक्यावर, काम करता करता गायिले. गाणारा समूह आणि मरणारा समूह एकच होता. १९२५ मध्ये ध्वनिमुद्रिका आणि वृत्तपत्र यांच्या बाजारात गीत रचणारा दुसरा होता, मरणारा दुसरा होता. हाल्बवाक्सच्या चौकटीचा अर्थ येथे प्रत्ययाला येतो.

४. रक्तपिपासूची कथा

चर्च हिलची आज सर्वाधिक सांगितली जाणारी कथा ‘रिचमंडचा व्हॅम्पायर’ ही आहे. तिचा आशय असा : कामगारांनी टेकडीच्या पोटात खणून एका प्राचीन दुष्ट शक्तीला जागे केले, तिने छत कोसळवले, बचावाला गेलेल्या लोकांनी प्रेतावर ओणवलेली, दात बाहेर आलेली, अंगाची कातडी लोंबणारी रक्तबंबाळ आकृती पाहिली, ती आकृती नदीच्या दिशेने पळाली आणि हॉलीवूड दफनभूमीतील एका समाधिगृहात नाहीशी झाली. हे समाधिगृह डब्ल्यू. डब्ल्यू. पूल या हिशेबनिसाचे. त्याच्यावर १९१३ हे वर्ष आहे. पूल स्वतः १९२२ मध्ये, म्हणजे दुर्घटनेच्या तीन वर्षे आधी वारला.

या कथेचे घटक सुटे केले, तर ती दोन वेगळ्या धाग्यांची बनलेली दिसते. समाधिगृहाची इजिप्ती धाटणीची घडण आणि त्यावरील अक्षरे यांमुळे पूल हा रक्तपिपासू असल्याची वदंता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुण विद्यार्थ्यांमध्ये पसरली. दफनभूमी विद्यापीठाजवळ असल्याने या वदंतेला दरवर्षी नवा श्रोता मिळत गेला. बोगद्याची घटना तिला पुढे, मूळ दुर्घटनेनंतर कितीतरी दशकांनी, जोडली गेली. लोककथांच्या अभ्यासकांना दोन कथाबीजांचा असा सांधा अपरिचित नाही.

सांधा जुळला तो एका देहामुळे. ग्रेगरी मेटलंड या अभ्यासकाने दाखवल्याप्रमाणे बोगद्यातून बाहेर पडलेली ती भयानक आकृती फायरमन मॉस्बीची आहे. भट्टीत कोळसा टाकणारा, उघड्या अंगाचा, वाफेने भाजलेला, कातडी सुटलेला, दात तुटलेला तरुण. तोही हॉलीवूड दफनभूमीतच पुरला गेला. म्हणजे कथेने मॉस्बीचे शरीर तपशिलासह जपले आणि त्याचे माणूसपण काढून घेतले. जो बळी होता तो कथेत मारेकरी झाला. सामान्यतः लोककथा पीडिताचे भूत करते. पिंपळावरच्या मुंजापासून विहिरीत जीव दिलेल्या सुनेपर्यंत मराठी भूतकथांत हेच आढळते. तेथे भूत हे अन्यायाची आठवण असते, कारण ते का झाले हे कथा विसरत नाही. रिचमंडच्या कथेत ‘का’ हा प्रश्नच उरत नाही.

या कथेवरचा खरा आक्षेप येथे आहे. ती खोटी आहे, हा आक्षेप नव्हे. लोककथेला खरेखोटेपणाच्या तराजूत घालण्यात अर्थ नसतो. तिने कारणपरंपरा बदलली, हा आक्षेप आहे. वस्तुस्थितीत कारण होते पाणी शोषणारी माती, तिचा पन्नास वर्षांचा अनुभव, वीस वर्षांचे दुर्लक्ष आणि तरीही तो मार्ग पुन्हा उघडण्याचा निर्णय. कथेत कारण आहे जमिनीखालची आदिम दुष्टता. कंपनी, मुकादम, हजेरीपट आणि १९२४ च्या वांशिक शुद्धतेच्या कायद्याने माणसांची काटेकोर वर्गवारी करणारे राज्य, ही सर्व पात्रे कथेतून एकदम बाहेर पडतात. दोष खणणाऱ्यांकडेच येतो : त्यांनी खणले म्हणून ते जागे झाले.

येथे सह्याद्रीतील एका आख्यायिकेशी तुलना उद्बोधक ठरेल. बोरघाटाचे रेल्वेकाम १८५६ ते १८६३ या काळात झाले. पंचवीस बोगदे खोदले गेले, एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबले, साथींनी आणि अपघातांनी हजारो माणसे मेली, १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले, हे इतिहासाला ठाऊक आहे. घाटातील लोकस्मृतीने मात्र वेगळेच नाव जपले आहे. खोपोली-खंडाळा घाटातील जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. साहेबाला डोंगर चढण्याची वाट सापडेना, ती त्याने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असे सांगतात. वाट रस्त्याची की रेल्वेची, त्याने बक्षीस काय मागितले, याविषयी सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. घाट चढणारे वाहनचालक तेथे हात जोडतात, नाणे टाकतात.

ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर शिंगरोबाची कथा व्हॅम्पायरच्या कथेहून फार बळकट आहे, असे म्हणता येणार नाही. दोन्हींत अद्भुताकडे झुकण्याची शक्यता आहे, दोन्ही आज प्रवाशांना सांगितल्या जातात. तरीही त्यांच्यातला फरक निर्णायक आहे. शिंगरोबाच्या कथेत ज्ञान कोणाचे, लाभ कोणाचा आणि मृत्यू कोणाचा हे स्पष्ट आहे. ती कथा आरोप करते. व्हॅम्पायरची कथा आरोप पुसते. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ (१९५६) या ग्रंथापासून मराठीत लोकसाहित्याच्या वर्गीकरणाची शिस्त रुजली. त्या शिस्तीने दोन्ही कथा स्थळाख्यायिका या एकाच खणात पडतील. वर्गीकरण जेथे थांबते तेथून चिकित्सेने पुढे जायला हवे, ते याच कारणासाठी.

या तुलनेलाही मर्यादा आहे. बोरघाटात मेलेल्या हजारोंपैकी स्मृतीत उरला तो एकटा शिंगरोबा, आणि तोही मजूर नव्हे, वाटाड्या. मजुरांच्या बाबतीत सह्याद्री रिचमंडपेक्षा उदार ठरला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

५. अफवा आणि हजेरीपट

तिसरे कथन सर्वांत अस्फुट आहे. त्याला ना गीताचा घाट आहे ना कथेचा. ते केवळ एक वाक्य आहे : आत आणखी माणसे होती. रोजंदारीवर त्या दिवशी घेतलेले, हजेरीपटावर न चढलेले कितीतरी मजूर मातीखाली राहिले, असा समज दुर्घटनेपासूनच प्रचलित झाला.

या समजाला दुजोरा देणारा पुरावा पुढे आलेला नाही आणि चिकित्सकाने त्याला वस्तुस्थितीचा दर्जा देणे गैर ठरेल. तरी तो खोडून काढून विषय संपत नाही. अफवा ही माहितीच्या अभावी निर्माण होते हे जितके खरे, तितकेच ती अविश्वासातून निर्माण होते हेही खरे. ज्या व्यवस्थेत कृष्णवर्णीय मजुराची नोंद होणे हे मुकादमाच्या मर्जीवर अवलंबून होते, त्या व्यवस्थेतील कागदावर त्या मजुराच्या आप्तांनी आणि सोबत्यांनी विश्वास का ठेवावा? अफवा मृतांविषयी काही सिद्ध करीत नाही. जिवंतांना नोंद किती भरवशाची वाटत होती, हे मात्र ती नेमके सांगते. या अर्थाने चारही कथनांमध्ये हे सर्वांत दरिद्री कथन मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाते. ‘कोण मेले’ यापेक्षा ‘कोणाला मोजले’ हे ते विचारते.

नोंदीतील एक तपशील या अविश्वासाला आधार देतो. चार मृतांपैकी तिघांची पूर्ण नावे उपलब्ध आहेत. चौथ्याचे नाव ‘एच. स्मिथ’ असे येते. इंग्रजी भाषक समाजात स्मिथ हे सर्वांत सामान्य आडनाव. त्याच्या आधी केवळ एक अक्षर. इंजिनाचा क्रमांक मात्र सर्वांना पाठ आहे : २३१. प्रत्येक पुनर्कथनात तो न चुकता येतो. लोहयंत्राची ओळख पूर्ण आणि माणसाची अपुरी, ही विसंगती कोणी हेतुपुरस्सर घडवलेली नाही. हजेरीपटाने ती घडवली आणि पुढच्या प्रत्येक कथनाने ती तशीच उचलली.

६. इंजिनाचा शोध

चौथे कथन २००६ मधील आहे. व्हर्जिनियातील इतिहास संस्था आणि एक रेल्वे-उद्योजक यांनी गाडलेले इंजिन बाहेर काढता येईल का, याचा प्रयत्न केला. भिंतीमागे छिद्र पाडून कॅमेरा आत सोडण्यात आला. आत पाणी आणि गाळ यांखेरीज काही दिसले नाही. पाणी उपसले तर वरची जमीन खचण्याचा धोका होता, वर वस्ती होती. प्रयत्न सोडून देण्यात आला.

या प्रयत्नामागे जाणिवेची प्रामाणिकता होती, हे मान्य करावे लागेल. मृतांचे अवशेष मिळाले तर त्यांना सन्मानाने निरोप देता येईल, हा विचार त्यात होता. तथापि सार्वजनिक कुतूहलाचा केंद्रबिंदू इंजिन हाच राहिला. इंजिन संग्रहालयात ठेवता येते. त्याला पाहण्यासाठी लोक येतात. बोगद्यावरची वस्तीही या काळात बदलत होती. १९५० नंतरच्या दशकात सेंट जॉन्स चर्चच्या परिसरातील जुन्या घरांच्या जतनाची मोहीम सुरू झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी चर्च हिल नव्या शतकात महाग आणि मिश्र होत गेली. ज्यांच्या घरांत लुईस आणि स्मिथ यांची नावे तोंडी टिकून राहण्याचा संभव होता, ती घरेच विखुरली. हाल्बवाक्सची चौकट अशी विटेविटेने निखळते.

टेकडीच्या माथ्यावर मात्र १७७५ च्या भाषणाचे स्मरण आजही नियमितपणे होते. स्वातंत्र्य की मृत्यू, ही निवड तेथे वक्त्याच्या हातात होती. पोटात राबणाऱ्यांच्या हातात ती नव्हती. रिचमंडने गेल्या काही वर्षांत आपल्या सार्वजनिक स्मृतीची मोठी झाडाझडती घेतली. फुटीर राज्यांच्या सेनानींचे पुतळे उतरवले गेले. रॉबर्ट ली याचा भव्य पुतळा ८ सप्टेंबर २०२१ रोजी खाली आला. पुतळा उतरवणे हे स्मृतिशुद्धीचे दृश्य काम आहे. जे मुळात उभारलेच गेले नाही, त्याची उणीव दिसून येण्यास अधिक काळ लागतो.

७. समारोप

चर्च हिलच्या चार कथनांच्या तपासणीतून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, लोकस्मृती दीर्घायुषी आहे म्हणजे ती न्याय्य आहे, हे गृहीतक टिकत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात लोकस्मृती ही अधिकृत इतिहासाने डावललेल्यांचा आवाज असते, असे मानण्याकडे कल असतो. पुष्कळदा ते खरेही असते. रिचमंडमध्ये अधिकृत कागदाने ज्यांना अर्धवट नोंदले, त्यांना लोकप्रिय कथेने पूर्णच वगळले.

दुसरा निष्कर्ष कथनाच्या घाटाविषयी आहे. घाट जितका घोटीव, तितका वगळणुकीचा धोका अधिक. वीर चालकाचा साचा आणि व्हॅम्पायरची कथा दोन्ही रंजक आहेत, सांगण्यास सोप्या आहेत, आणि त्या सोपेपणाची किंमत अनाम मजुरांनी चुकवली आहे. उलट, घाट नसलेली अफवा पुराव्याच्या दृष्टीने दुबळी असूनही प्रश्न जिवंत ठेवते. जॉन हेन्रीचे उदाहरण हे दाखवते की, घोटीव घाट आणि मजुराची स्मृती यांचा मेळ अशक्य नाही. त्यासाठी गाणाऱ्याला घणाचा भार ठाऊक असावा लागतो.

तिसरा निष्कर्ष मराठी अभ्यासकांच्या कामाशी संबंधित आहे. घाटांतील लोहमार्ग, खाणी, धरणे आणि गिरण्या यांच्या परिसरातील आख्यायिका गोळा करताना केवळ कथाबीज नोंदवून भागणार नाही. कथेत मृत्यूचे कारण काय दिले आहे, कारणाची जागा कोणी घेतली आहे आणि ज्याचे नाव उच्चारले जात नाही तो कोण, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीबरोबर विचारले गेले पाहिजेत.

२०२५ मध्ये या दुर्घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. पश्चिमेच्या तोंडावरील भिंतीवर १९२६ हे वर्ष अजून वाचता येते. भिंत कधी घातली हे ते सांगते. ती कोणावर घातली, हे सांगणारे पूर्ण नाव मात्र अद्याप एकानेच अपुरे आहे.